व्याही, मासे आणि माश्या

मुलीच्या सासऱ्याला नाही म्हणता येत नाही. जावई अमेरिकन असो, लग्न कोर्टात लागलेलं असो, मानपान म्हणजे काय हे त्या घराण्याला सात पिढ्यांत ठाऊक नसो. मुलीचा बाप तो मुलीचा बाप. आम्ही मे महिन्यात मॅसॅच्युसेट्सला लेकीकडे होतो, तेव्हा मेन राज्यातून व्याह्यांचा फोन आला. तळ्यावर ट्राउट मासे धरायला चाललोय, तुम्हीही चला. माझ्या तोंडून आपसूक "हो हो, अवश्य" निघून गेलं. यात लेकीचाही हात होता. बाबांनी उभी हयात पाटबंधारे खात्यात काढली, एवढं तिने सासरी सांगून ठेवलं होतं. त्यावरून हा गृहस्थ जन्मभर गुडघाभर पाण्यात उभा आहे, असा त्या मंडळींचा समज. पाण्याशी माझा संबंध गळतीच्या फायलींपुरता होता, हे आता कोण सांगणार?

त्यात मी मूळचा अलिबागचा. मासे म्हणजे जीव की प्राण, पण ताटात. मासे धरायचे कोळ्यांनी, घासाघीस करायची आईने आणि काटे काढायचे मी, अशी आमच्याकडची कामाची वाटणी. तिच्यात ढवळाढवळ करायचं मला काही कारण नव्हतं.

आमचे व्याही बोलायला महाग. दिवसाकाठी पाच-सहा शब्द, तेही हवामानावर. त्यामुळे सगळी माहिती व्याहीबाईंनी फोनवर पुरवली. तिकडच्या तळ्यांवर हिवाळाभर बर्फाची लादी असते, ती एप्रिल-मेमध्ये फुटते. मूसहेड लेकचा बर्फ कुठल्या तारखेला गेला याची नोंद म्हणे १८४८ पासून ठेवलेली आहे. ब्रूक ट्राउटला पाणी गारच लागतं, वीस अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो. म्हणून बर्फ गेला की तो भुकेला होऊन उथळ पाण्यात येतो, आणि उन्हाळा तापला की तळाशी, जिथे गार झरे फुटतात तिथे जाऊन बसतो. तेव्हा मुहूर्त आत्ताचाच. जाता जाता त्यांनी हेही सांगितलं, की शास्त्राच्या हिशेबाने हा ट्राउट नव्हेच. हा 'चार' (char) नावाच्या माशांच्या कुळातला. म्हणजे ज्याच्यासाठी जायचं तोही नाव बदलून राहणारा.

मला हुरूप यावा म्हणून त्यांनी कॅरी स्टीव्हन्स या बाईंची गोष्ट सांगितली. मेनमधल्याच अपर डॅमला या बाईंनी १ जुलै १९२४ रोजी, स्वतःच्या हाताने बांधलेल्या, गळाला लावायच्या नकली माशीवर ६ पौंड १३ औंसांचा ब्रूक ट्राउट काढला. तीन किलोंच्या वर! 'डॅम' शब्द ऐकून मला जरा धीर आला. त्या बाई जुलैत गेल्या होत्या, या तपशिलाचं महत्त्व मात्र मला फार उशिरा कळलं.

"तुम्हीही येताय ना?" मी विचारलं.

"छे! मदर्स डे ते फादर्स डे मी जंगलात पाऊल टाकत नाही."

म्हणजे मेचा दुसरा रविवार ते जूनचा तिसरा रविवार. मला वाटलं, काहीतरी व्रत असेल.

जावईबापूंनी बँगोरला सोडलं. तिथून व्याह्यांच्या पिकअपमधून ग्रीनव्हिल, आणि ग्रीनव्हिलनंतर डांबर संपलं. पुढचे रस्ते लाकूडतोड्या कंपन्यांचे, खासगी. समोरून ओंडके भरलेला ट्रक आला की आपण गपगुमान कडेला व्हायचं, कारण रस्ता त्याचा. बर्फ नुकताच वितळलेला, त्यामुळे रस्ता म्हणजे निव्वळ चिखल. तोही एका झाडापाशी संपला. व्याह्यांनी टपावरची कनू उतरवली, उलटी करून खांद्यावर घेतली आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस तिच्या आत कमरेपर्यंत गडप होऊन चालायला लागला. मागून मी दोन वल्ही, काठ्यांची नळी आणि बायकोने भरून दिलेला एक डबा घेऊन एका चालत्या होडीच्या पाठीमागे जंगलात शिरलो.

तळ्यापासून अर्ध्या मैलाच्या परिघात साधी मोटार पोचेल असा रस्ता नसेल, तरच मेन सरकार ते तळं 'दुर्गम' यादीत घालतं. आणि एकदा घातलं, की ते तसंच दुर्गम राहावं म्हणून झटतं. आमच्या खात्याने जन्मभर याच्या उलट केलं, आणि तरी कितीतरी गावं आपली मेहनत न घेताही दुर्गमच राहिली.

काठाजवळ पोचलो आणि कानामागे काहीतरी गार, ओलसर लागलं. हात लावला तर बोटाला रक्त. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. तेवढ्यात दुसऱ्या कानामागे. मग मानेवर, मग टोपीच्या कडेखाली. बघतो तो डोक्याभोवती काळ्या, पाठीला कुबड असलेल्या बारीक माश्यांचा ढग. व्याहीबाईंचं व्रत मला त्या क्षणी कळलं.

या ब्लॅक फ्लाइज. डास निदान सुई टोचतो. ही बया कातडीच कापते, जागा बधिर करते, रक्त गोठू नये याची व्यवस्था करते आणि साचलेलं पीत बसते. चावते ती फक्त मादी. कपड्यांतून चावत नाही, पण कॉलर, बाही, मोज्याची कड, जिथे म्हणून दार उघडं सापडेल तिथून रांगत आत येते. तिला गडद रंग आवडतात, त्यातही गडद निळा. लेकीने खास या सहलीसाठी घेऊन दिलेलं माझं जाकीट कुठल्या रंगाचं होतं, हे सांगायची गरज नाही. व्याह्यांच्या अंगात मळकट पांढरट सदरा होता. ते निवांत होते.

मी रक्ताळलेलं बोट त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "पाणी चांगलं आहे."

त्याचा उलगडा मी पुढे खोदून खोदून करून घेतला. या माश्यांच्या अळ्या वाहत्या, स्वच्छ पाण्यातल्या दगडांना चिकटून वाढतात. ओढ्यात घाण आली की त्यातल्या बहुतेक जाती नाहीशा होतात. म्हणजे ज्या पाण्याने ट्राउट जगतो त्याच पाण्याने ही पिलावळ पोसली जाते, आणि दोघांचा हंगामही एकच. एक हवा तर दुसरी घ्यावीच लागते. हा सौदा ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं.

व्याह्यांनी मला डोक्यावरून घ्यायची जाळी दिली आणि हाताला लावायला डीट, म्हणजे किडे पळवायचं औषध. ते लावून नकली माशीच्या दोराला हात लावू नका, म्हणाले, प्लॅस्टिक विरघळतं. मी सवयीने चष्मा सावरला. फ्रेमचा काळा रंग बोटांना आला. जे औषध चष्मा वितळवतं ते कातडीला चालतं, अशी या शास्त्राची धारणा आहे. जाळीचा उपयोग मात्र उत्तम. फक्त आत घास जात नाही. व्याह्यांनी थर्मासमधला चहा ओतून दिला, मी कप उचलून तोंडाला लावला आणि सगळा चहा जाळीतून गाळून सदऱ्यावर आला. गाळल्यामुळे त्यात पाच-सहा माश्याही निघाल्या.

आता मुख्य कार्यक्रम. अलिबागच्या खाडीवर पोरं गळाला गांडूळ लावून बसतात हे मी पाहिलेलं, म्हणून सहज विचारलं, "गांडुळं आणलीत ना?" व्याह्यांचा चेहराच उतरला. हे तळं फक्त फ्लाय फिशिंगसाठी राखीव. गांडूळ लावणं कायद्याने गुन्हा, आणि त्यांच्या नजरेवरून पाहता पाप. इथे गळाला पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची. हिवाळाभर बर्फ पडत असताना व्याही खिडकीशी बसून हेच बांधत असतात. त्यांच्या जाकिटाच्या खिशांतून अशा माश्यांच्या डब्या निघाल्या: हॉर्नबर्ग, वुड स्पेशल, काय काय.

"मेपल सिरप लावा," ते म्हणाले.

मी न्याहारीची पिशवी उपसायला लागलो. भूक लागल्यावर मासा गोडालाही येत असेल, म्हटलं. पिशवीच्या तळाशी हात गेला तेव्हा व्याह्यांनी शांतपणे एक मातकट, पिवळ्या शेपटीचं सुरवंटवजा प्रकरण माझ्या तळहातावर ठेवलं. हेच मेपल सिरप. मेनच्या तळ्यांवरची ही नावाजलेली माशी.

फ्लाय फिशिंगची मेख अशी, की माशीला वजनच नसतं. साध्या गळाला शिसं बांधून भिरकावता येतं. इथे वजन असतं ते जाड दोराला. दोर हवेत फेकायचा आणि माशीने त्याच्यामागून निमूट जायचं. काठी घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मध्ये हलवायची. मागे नेली की थांबायचं. दोर पाठीमागे पुरता सरळ झाला की मगच पुढे. ते थांबणं म्हणजे सगळी विद्या. आणि कानामागे माश्या बसलेल्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. माझा पहिला दोर मागच्या स्प्रूसच्या झाडात गेला. मग माझ्या टोपीत. मग व्याह्यांच्या टोपीत. ते प्रत्येक वेळी वल्हं खाली ठेवत, माशी सोडवत, गाठ उकलत आणि पुन्हा वल्हं उचलत. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मुलीला सासर चांगलं मिळालं आहे, याची मला त्या दिवशी पक्की खात्री पटली.

एकूण देखावा असा: दोराच्या टोकाला एक खोटी माशी, जिच्याकडे तळ्यातला एकही मासा ढुंकून बघत नव्हता, आणि दुसऱ्या टोकाला मी, ज्याच्यावर जंगलातल्या यच्चयावत खऱ्या माश्या तुटून पडल्या होत्या. आमिष कोण, असा प्रश्न कुणा त्रयस्थाला पडला असता, तर माझी त्याला ना नव्हती.

ऊन कललं तशा माश्या एकदम बंद झाल्या. त्या अंधारात चावत नाहीत. दुसऱ्या पाळीला डास हजर झाले. पण त्या दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात पाण्यावर गोल वलयं उमटायला लागली, आणि माझा दोर, मी काहीही केलेलं नसताना, एकदम ताणला.

"टोक वर," व्याही म्हणाले.

काठी वाकली, थरथरली, माझे हातही. व्याह्यांनी जाळं खाली घातलं, आधी स्वतःचे हात पाण्यात भिजवले (कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो) आणि मासा वर धरला. खरं सांगतो, इतकं नटलेलं जनावर मी बाजारात कधी पाहिलं नाही. पाठीवर वाळवीने कोरावी तशी पिवळसर नक्षी, कुशीवर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती निळं कडं, पोट नारिंगी आणि खालच्या परांना पांढरीशुभ्र किनार. मी मनातल्या मनात हळद-मीठ लावून मोकळाही झालो.

व्याह्यांनी तो जाळ्याच्या दांड्यावरच्या खुणांना लावून मोजला. साडेनऊ इंच. या तळ्यावर दहाच्या आतला ठेवायचा नाही. त्यांनी पंजा पाण्यात नेऊन उघडला आणि मासा गेला.

साडेनऊ इंच! म्हणजे आमच्याकडचा घसघशीत बांगडा! कोळणीसमोर पट्टी काढून "मावशी, अर्धा इंच कमी भरतोय, समुद्रात सोडा" असं कुणी म्हणालं असतं, तर तिने मासा ठेवून गिऱ्हाईकच समुद्रात सोडलं असतं. मी तोंड उघडलं, पण व्याही. मिटलं.

त्यांनी स्वतः नियमात बसणारे दोन काढले. दोनाचीच परवानगी, त्यामुळे कार्यक्रम संपला. रात्री त्यांच्या लाकडी खोलीवर, ज्याला ते कँप म्हणतात, बिडाचा तवा चढला. ते मासे मक्याच्या भरड पिठात घोळवायला निघाले, वर फक्त मीठ. आता गप्प बसणं म्हणजे त्या नटलेल्या जिवाचा अपमान होता. मी बायकोचा डबा उघडला. घरचा मसाला, हळद, आणि कोपऱ्यात आगळाची चिमुकली बाटली. एक मासा त्यांच्या पद्धतीने, एक माझ्या.

व्याह्यांनी माझ्या माशाचा एक घास घेतला. कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं. ते उठून बाहेर गेले. मी घाबरलो, लेकीचं कसं होणार, इथवर विचार गेला. ते पाण्याचा लोटाभर घोट घेऊन परत आले आणि बशी पुढे ओढून उरलेला सगळा मासा संपवला. त्यांच्या पद्धतीचा माझ्याकडे सरकवला. मग त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि तो आपल्या जाकिटाच्या खिशात, माश्यांच्या डब्यांशेजारी ठेवून चेन ओढून घेतली. परवानगी वगैरे विचारली नाही.

परत आलो तेव्हा माझे दोन्ही कान सुजून लोंबत होते आणि एक डोळा मिटलेला होता. बायकोने पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "डबा कुठाय?"

"व्याह्यांकडे राहिला."

"राहू दे. आपल्या माणसांकडे गेलेला डबा रिकामा परत येत नाही."

पुढच्या आठवड्यात टपालाने तो आलाच, आणि रिकामा नव्हता. मी दाढी करत होतो, सुजेच्या मधल्या जागा शोधून शोधून. स्वयंपाकघरातून झाकण उघडल्याचा आवाज आला, मग किंकाळी, मग काहीतरी सिंकमध्ये आपटलं आणि गरम पाण्याचा नळ धो धो सुटला.

"अहो, चांगली माणसं म्हणत होतात ना? डबाभर माश्या पाठवल्यात तुमच्या व्याह्यांनी!"