‘कंडेन्सर बदलायला आठवडा लावला’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

गाडीसाठी तुम्हाला थांबावं लागलं, हेलपाटे पडले, त्याबद्दल माफी असावी. फोन उचलत नाही म्हणालात, त्याचंही बघतो काहीतरी.

पण ‘एवढासा कंडेन्सर बदलायला आठवडा लावला आणि टॅपेट अजून वाजतातच’ असं लिहून दोन स्टार दिलेत, त्यावर बोलणं भाग आहे. (कंडेन्सर म्हणजे पॉइंटमध्ये ठिणगी उडू न देणारा छोटा भाग; टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह ढकलून उघडणारे भाग.) हे वाचूनच लोक गाडी आणायची की नाही ते ठरवतात.

तुमची बुलेट जुनी, कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनाची, पॉइंटवाली; म्हणजे करंट तोडून प्लगला ठिणगी पाडणारी दोन छोटी टोकं असलेली. तक्रार अशी की तापली की बंद, थंड झाली की एका किकमध्ये सुरू. हा फॉल्ट थंड इंजिनावर दिसतच नाही. गाडी तापवायची आणि बंद पडली की लगेच बघायचं, पेट्रोल थांबलंय की करंट. टाकीचं झाकण सैल केल्यावर सुरू झाली असती तर झाकणाचं भोक बुजलंय म्हटलं असतं. तसं नव्हतं. कार्बोरेटरच्या फ्लोटमध्ये पेट्रोल होतं. प्लगला करंट पिवळा, मरतुकडा, आणि पॉइंटमध्ये मात्र नुसता लखलखाट. ही कंडेन्सरची खूण. पण तापल्यावर कॉइलही (प्लगसाठी जोराचा करंट बनवते ती) दगा देते, म्हणून खात्रीचा कंडेन्सर लावून गाडी पुन्हा तेवढीच तापवून बघावी लागते. घाई केली असती तर तुम्ही रस्त्यात अडकला असता.

पॉइंटच्या तोंडावर खड्डे होते आणि पॉलिश पेपरची खर. ते घासकाम आमचं नव्हे. पेपरचे दाणे तोंडात रुततात आणि पॉइंट आणखी जळतात. नवीन पॉइंट घातले, गॅप ०.३५ ते ०.४० मिमीमध्ये ठेवला. गॅप बदलला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकते; वाढला तर ॲडव्हान्स (लवकर), कमी झाला तर रिटार्ड (उशिरा). त्यामुळे टायमिंगही नव्याने लावलं: वेगाप्रमाणे ठिणगी लवकर पाडणारी ॲडव्हान्सची वजनं मिटलेली, पिस्टन टीडीसीच्या (सगळ्यात वरच्या टोकाच्या) ०.८ मिमी आधी, आणि पॉइंट तिथेच सुटायला हवेत. स्विच चालू असेल तर त्या क्षणी अँपिअरचा काटा मायनसमधून मध्यावर येतो. काटा मायनसला असताना स्विच चालू ठेवून गप्पा मारत बसायचं नसतं, कॉइल भाजते. गाडी न्यायला आलात तेव्हा तेच चाललं होतं; सांगितलं तर तुम्हाला राग आला.

आता टॅपेट. इंजिन रात्रभर थंड झालेलं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला. पुशरॉड (टॅपेटवरून व्हॉल्व्हपर्यंत जोर नेणारी दांडी) बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, वर-खाली खेळ मात्र नको. तसेच लावलेत. थोडी टिकटिक या इंजिनाला राहणारच. ती घालवायला आणखी आवळले तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. अशी गप्प केलेली गाडी आम्ही देत नाही, मग स्टार कितीही मिळोत.

नवीन पॉइंटची टाच सुरुवातीला झिजते आणि गॅप कमी होतो. ५०० किमी झाले की आणा, गॅप आणि टायमिंग बघून देऊ, त्याचे पैसे नाहीत. टॅपेटही दाखवायचे असतील तर गाडी आदल्या रात्री ठेवून जा.