डार्क एनर्जी ‘खोटी ठरली’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

घोडबंदर रोडपासून कळव्यापर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘नव्या दुर्बिणीने डार्क एनर्जी खोटी ठरवली. विश्व आकुंचन पावू लागलं. शास्त्रज्ञांनी नुसत्या आकडेमोडीवर नोबेल मिळवलं.’ डार्क एनर्जी म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणारं, अजून न उलगडलेलं काहीतरी. आमच्या ग्रुपवर दहावी-बारावीची मुलंही आहेत, म्हणून हे उत्तर.

‘नुसती आकडेमोड’ हे वाक्य मला सगळ्यात लागलं. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांना दूरचे सुपरनोव्हा (ताऱ्यांचे प्रचंड स्फोट) अपेक्षेपेक्षा अंधुक दिसले, म्हणजे ते अपेक्षेहून दूर होते. प्रसरणाचा वेग वाढतोय हे त्यातून कळलं आणि त्याबद्दल २०११ चं नोबेल मिळालं. आता मेसेजमधल्या ‘नव्या दुर्बिणी’बद्दल. अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवरच्या चार मीटरच्या जुन्या दुर्बिणीवर डेसी हे उपकरण बसवलंय. त्यातले पाच हजार छोटे रोबो एकेक प्रकाशतंतू एकेका दीर्घिकेवर नेमका धरतात. प्रकाश किती लाल झाला यावरून तिचं अंतर काढतात. बाल्यावस्थेतल्या तप्त विश्वात ध्वनिलहरी पसरल्या होत्या. त्यांचा ठसा असा, की आजच्या हिशेबाने सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षं अंतरावरच्या दीर्घिकांच्या जोड्या किंचित जास्त सापडतात. ही मोजपट्टी वेगवेगळ्या काळात आकाशात केवढी दिसते, ते पाहून प्रसरणाचा इतिहास मांडता येतो. मार्च २०२५ च्या निष्कर्षांमागे जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार (दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं) आहेत.

‘खोटी ठरवली’? नाही. ही मोजमापं, विश्वाचा आदिम प्रकाश आणि सुपरनोव्हा एकत्र घेतले, तर डार्क एनर्जी काळानुसार क्षीण होत असावी असा संकेत मिळतो. सुपरनोव्हांचा कोणता संच घेतला त्यानुसार त्याचं बळ २.८ ते ४.२ सिग्मा येतं (हा निव्वळ योगायोग नाही याची खात्री मोजायचं हे माप). शोध म्हणायला ५ लागतात. एकट्या डेसीची मोजमापं तर स्थिर डार्क एनर्जीच्या चित्रातही बसतात. माझ्या मते संकेत अतिशय महत्त्वाचा आहे, आणि म्हणूनच तो आहे तसाच सांगायला हवा.

आकुंचनाचं तर कुणी म्हटलेलंच नाही. ठाण्याहून सुटलेल्या कर्जत लोकलने वेग वाढवणं कमी केलं, तरी ती मुलुंडकडे परत येत नाही. देवयानी दीर्घिका आपल्याकडे येतेय हे खरं, पण ती शेजारीण आहे. तिथे गुरुत्वाकर्षण प्रसरणावर मात करतं.

डेसीचं काम चालू आहे. २०२३ मध्ये सुटलेली युक्लिड ही युरोपीय अवकाश दुर्बीणही दीर्घिकांचा नकाशा स्वतंत्रपणे काढतेय. क्षीण होण्याचा संकेत टिकतो का, हे त्यांच्या पुढच्या मोजमापांतून कळेल.