तात्या ट्रेकला नव्हताच

आमच्या ग्रुपमध्ये कात्रज ते सिंहगड नाईट ट्रेकची गोष्ट सगळ्यात भारी कोण सांगतं माहितीये? तात्या. आणि तात्या त्या ट्रेकला नव्हताच. त्याला ताप होता, तो होस्टेलवर माझं ब्लँकेट ओढून झोपला होता, हे आम्हा चौघांना पक्कं ठाऊक आहे, तरी दर डिसेंबरात कोथरूडला कुणाच्या तरी घरी जमलो की जेवणं आटपता आटपता कुणीतरी म्हणतंच, तात्या, होऊन जाऊ दे, आणि बायका एकमेकींकडे बघून आईस्क्रीम आणायला उठतात. सगळ्याजणी एकदम. एवढंसं आईस्क्रीम असतं.

पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो. जुन्या कात्रज बोगद्यापाशी वाघजाईचं देऊळ आहे, तिथून डोंगराच्या धारेनं टेकड्या चढत उतरत पश्चिमेला चालत राहायचं की येतो सिंहगड, पंधरा-सोळा किलोमीटर. टेकड्या नक्की किती यावर भांडणं आहेत, तेरा म्हणणारे जास्त, पण मोजणारा माणूस सातव्या-आठव्या टेकडीला आकडाही विसरतो आणि स्वतःचं नावही. उजव्या हाताला पुण्याचे दिवे, डाव्या हाताला सातारा रोड आणि खेड शिवापूर, समोर गडावरच्या टॉवरचा लाल दिवा. हा दिवा म्हणजे एक नंबरचा लबाड, रात्री नऊला जेवढा लांब दिसतो तेवढाच बारालाही, आणि खिंडीत उतरलं की गायबच. म्हणून शहाणी माणसं हा ट्रेक पौर्णिमेला करतात. आम्हीपण पौर्णिमेलाच निघालो होतो. म्हणजे आमच्या मते.

झालं असं की मेसच्या काकूंकडे भिंतीवर दत्ताचा फोटो असलेलं कॅलेंडर होतं, कुठल्यातरी किराणा दुकानानं वाटलेलं. आमच्यातल्या एकानं (त्याचं नाव तेव्हापासून पंचांग पडलंय, त्याची मुलंसुद्धा आता हसतात) त्यात बघून जाहीर केलं की 24 डिसेंबरला दत्तजयंती, म्हणजे पौर्णिमा, दुसऱ्या दिवशी नाताळची सुट्टी, अजून काय पाहिजे? साल 1997. कॅलेंडर 1996 चं. देवाचा फोटो कचऱ्यात कसा टाकायचा म्हणून काकूंनी ते ठेवलेलं. आता चांद्रवर्ष 354 दिवसांचं, आपलं 365 चं, त्यामुळे गेल्या वर्षीच्या पौर्णिमेच्या तारखेला यंदा पौर्णिमा उलटून दहा-अकरा दिवस झालेले असतात हे गणित आम्हा इंजिनिअरिंगच्या पोरांना यायला हरकत नव्हती. बरं तेही सोडा, त्या कॅलेंडरात 24 तारखेला मंगळवार होता आणि आम्ही सकाळपासून बुधवारची लेक्चरं बुडवत होतो. आणि कहर म्हणजे जेमतेम दहा-अकरा दिवसांपूर्वी आम्हीच रांगेत दोनदा उभं राहून दत्तजयंतीचा सुंठवडा हाणला होता. एका महिन्यात दोन दत्तजयंत्या कशा, असा प्रश्न चारपैकी एकाही डोक्यात आला नाही!

पीएमटीनं कात्रजला उतरलो, चालत बोगदा गाठला, वाघजाईला नमस्कार केला, आणि चंद्र उगवायची वाट बघत बसलो. आठ वाजले, साडेआठ वाजले. पंचांग म्हणाला डोंगरामागे असेल, थोडं वर गेलो की दिसेल. मग वर गेलो. अजून वर गेलो. चंद्र पहाटे दोन-अडीचला आला, नखाच्या कापाएवढा, तोवर आमची तीन सेलची बॅटरी मान टाकून मोकळी झाली होती आणि पार्ले-जीचा शेवटचा पुडा कुणी खाल्ला यावर दोघांचा अबोला सुरू झाला होता, जो पुढच्या सेमिस्टरपर्यंत टिकला.

अंधारात कुठल्यातरी टेकडीवरून आम्ही मुख्य धार सोडून भलत्याच सोंडेवर लागलो. कुसळं मोज्यातून आत, कारवीच्या काड्या पायात, आणि उतार असा की बसूनच उतरायचं, त्यात एकाची पॅन्ट मागून जी गेली ती गेलीच. एका ठिकाणी समोर दोन डोळे चमकले. तात्याच्या गोष्टीत हा बिबट्या असतो. तो गुरगुरतो, मग कर्नल (हा एनसीसीत होता, एवढीच त्याची लष्करी सेवा) त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहतो, बिबट्या मागे सरतो वगैरे. खरं म्हणजे ती म्हैस होती. गुरगुरली नाही, रवंथ करत होती. कर्नल मात्र खरंच हलला नाही, कारण त्याचा बूट दगडात अडकला होता. आता सांगा, या दोन्हींतली कुठली गोष्ट ऐकाल? आम्हीपण तात्याचीच ऐकतो. कर्नल तर डोळे मिटून ऐकतो.

उजाडलं तेव्हा आम्ही एका वस्तीवर होतो. एक आजी अंगणात चूल पेटवत होत्या. आमचे अवतार बघून आधी कुत्रं आवरलं, मग कोरा चहा दिला, मग विचारलं, "कुटं निगालाय?" गडावर म्हटल्यावर त्यांनी आमच्या पाठीमागे बोट दाखवलं. म्हणाल्या, "आन् अंधाराचं कशापायी? चांदणं तर कवाच सरलं की."

तिथून खाली सातारा रोड. एसटी मिळाली, उभ्यानं, आणि ती एसटी शांतपणे घाट चढून त्याच बोगद्यातून गेली ज्याच्यापासून आम्ही रात्रभर चालत होतो. कुणी काही बोललं नाही. कर्नल एकटा पुटपुटला, "तानाजीनंपण वद्य नवमीलाच गड घेतला होता." हे खरंय, माघ वद्य नवमी, 1670. पण तानाजीला गड सापडला होता ना!

होस्टेलवर तात्या उठून बसलेला, ताप उतरलेला. पहिला प्रश्न, गडावरचं दही कसं होतं रे? आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि पंचांग म्हणाला, "मस्त, मटक्यातलं, जरा आंबट." झालं. तिथून पुढे गोष्ट तात्याच्या ताब्यात गेली. पिठलं-भाकरी त्यानं घातली, कल्याण दरवाज्यातला सूर्योदय त्यानं घातला, बिबट्या बहुतेक 2005 च्या आसपास आला. आम्ही दुरुस्त्या करायचो सुरुवातीला, पण दुरुस्ती केली की लोकांचे चेहरे पडतात राव, आणि आपली फाटकी पॅन्ट सोडून सांगायला आपल्याकडे तरी काय असतं?

यंदा कर्नलची मुलगी पहिल्यांदा पूर्ण गोष्ट ऐकायला बसली. वकिली शिकतेय. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "पण काका, बिबट्याच्या वेळी तुम्ही स्वतः कुठे होतात?"

खोली चिडीचूप. आईस्क्रीमवाल्यासुद्धा दारात थांबल्या.

तात्यानं चष्मा पुसला. "मी सगळ्यांच्या मागे होतो गं," तो म्हणाला, "म्हणून तर मला सगळं दिसलं."

आम्ही चौघांनी माना डोलावल्या. पंचांग तर पुढे जाऊन म्हणाला, हो हो, पाण्याची बाटली त्याच्याकडेच होती.