कंपनीचा निधी आणि विद्यापीठाचा प्रश्न

सप्रेम नमस्कार,

तंबाखू, मद्य आणि कीटकनाशके यांसारख्या उद्योगांकडून विद्यापीठांनी संशोधनासाठी निधी घेऊ नये, असे मी लिहिले होते. त्यावर आपण घेतलेले आक्षेप थोडक्यात असे आहेत: सांगलीत बसून असे लिहिणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे आहे, कारण इथले शिक्षण कारखानदारीच्या पैशावरच उभे राहिले, सरकार पैसे देत नाही आणि उद्योगाचे घ्यायचे नाहीत, तर प्रयोगशाळा चालवायची कशावर, आणि पैसे कोणी दिले हे पाहून यंत्रावरचा आकडा बदलत नाही.

पहिल्या आक्षेपावर फार लिहीत नाही. विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालयाला उद्योगपती वालचंद यांचे नाव आहे आणि त्यामागे देणगी आहे. पण काँक्रीटच्या ठोकळ्याची ताकद किती निघावी, हे त्या देणगीने ठरवलेले नाही. भिंतीसाठी दिलेला पैसा आणि एखाद्या प्रश्नाच्या उत्तरासाठी दिलेला पैसा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माझा आक्षेप दुसऱ्या प्रकारच्या पैशाला आहे, तोही पैसे देणाऱ्याचा नफा त्या उत्तरावर अवलंबून असेल तेव्हा.

आकडा बदलत नाही, हे आपले म्हणणे बहुतेक वेळा खरे आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. तासगाव-मिरजेकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डाउनी या बुरशीजन्य रोगाने द्राक्षबाग हातची जाते, हे आपल्याला मी सांगायला नको. नव्या बुरशीनाशकाची नोंदणी करण्यासाठी कंपनी कृषी विद्यापीठाला शुल्क भरून चाचणी करून घेते. औषधाच्या वेगवेगळ्या मात्रा, शेजारी न फवारलेल्या वेली, ठरलेल्या दिवशी पाने तपासून डागांचे टक्के आणि शेवटी तक्ता. त्या तक्त्यावर मी शंका घेत नाही. परंतु तो तक्ता एकाच प्रश्नाचे उत्तर देतो, ते म्हणजे या मात्रेत डाउनी आटोक्यात येते का. निम्म्या फवारण्यांत भागेल का, किंवा फवारणीनंतर लगेच त्याच ओळीत उघड्या हातांनी विरळणी करणाऱ्या बायकांच्या अंगात काय जाते, हे विचारण्यासाठी कोणती कंपनी शुल्क भरेल? विषारीपणाची माहिती नोंदणीसाठी द्यावी लागते हे खरे, पण तीही कंपनीच सादर करते. 2010 मध्ये युरोपात आपली द्राक्षे अडली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे. वेलीची वाढ रोखण्यासाठी आपल्याकडे ते सर्रास वापरले जात होते. वेलीवर त्याचा परिणाम काय होतो, हे सर्वांना माहीत होते; मण्यात किती उरते, याची झळ मात्र तिकडच्या तपासणीनंतर बसली आणि नुकसान बागायतदाराने सोसले.

आपल्या साखरपट्ट्यात तर दुसरे एक प्रकरण मुद्दाम वाचले पाहिजे. अमेरिकेतील साखर उद्योगाच्या संशोधन संस्थेने हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना सुमारे 6,500 डॉलर देऊन एक आढावा लिहून घेतला आणि तो 1967 मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा दोष त्यात चरबीवर गेला आणि साखर सुटली. पैसे कोणाचे होते, हे त्यात लिहिलेले नव्हते. ते जुन्या पत्रव्यवहारावरून 2016 मध्ये उघड झाले. तिथेही कोणी खोटे आकडे घातले नव्हते. साखरेविरुद्धचे अभ्यास तेवढे बारीक चाळणीतून काढले गेले. खाल्ल्या मिठाला जागण्याचा हा प्रकार सज्जन माणसाकडूनही नकळत घडतो.

आपला पैशाचा आक्षेप सर्वांत खरा आहे. देशाचा संशोधनावरील खर्च सकल उत्पन्नाच्या 0.64 टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो आहे. 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांचा अंदाज मांडताना त्यातील 36,000 कोटी सरकारबाहेरून येतील, असे गृहीत धरले गेले. म्हणजे उद्योग दारात येणारच. साखर कारखान्यांनी वर्गणी काढून पुण्याजवळच्या मांजरी गावी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट उभी केली, त्यात मला काहीच गैर वाटत नाही. ती कोणाचे प्रश्न सोडवते, हे तिच्या नावातच आहे. विद्यापीठाची पाटी लावून तेच काम करण्याला माझा विरोध आहे.

उद्योगांनी एका सामायिक निधीत पैसे टाकावेत आणि प्रश्न विद्यापीठाने ठरवावा, ही आपली सूचना चांगली आहे, पण पुरेशी नाही. मद्याच्या मर्यादित सेवनावरील एका मोठ्या अमेरिकी चाचणीत उद्योगाचा पैसा सरकारी आरोग्यसंस्थेच्या प्रतिष्ठानामार्फत आला होता. तरीही चाचणीची आखणी होण्याआधीच संशोधकांनी मद्य कंपन्यांशी बोलणी केल्याचे निष्पन्न झाले आणि 2018 मध्ये ती बंद करावी लागली. पैसा आणि संशोधन यांच्यामध्ये भिंत घालायची तर ती प्रश्न ठरण्यापूर्वी घालावी लागते. तंबाखूच्या बाबतीत मात्र मी एवढीही सवलत देणार नाही. 2000 साली ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोचे 38 लाख पौंड घेऊन नॉटिंगहॅम विद्यापीठाने जे केंद्र काढले, ते उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीचा अभ्यास करण्यासाठी होते. यावर अधिक काय लिहावे?

आपल्या विभागाकडे आलेल्या बुरशीनाशकाच्या चाचणीचे काय करावे, असे आपण शेवटी विचारले आहे. करारात निष्कर्ष छापण्यासाठी कंपनीची लेखी परवानगी आवश्यक असल्याचे कलम असेल, तर सही करू नये. ते कलम काढण्यास कंपनी तयार असेल, तर त्याच वेलींवरील मण्यांतील अंश आणि मजुरांच्या हातांवरील नमुने तपासण्याचा खर्चही तिच्याकडूनच मागावा, आणि हे सगळे तक्ते एकाच अहवालात छापले जातील, असे करारातच लिहून घ्यावे. एवढे मान्य झाले, तर चाचणी जरूर घ्यावी.