पाळणाघरात संध्याकाळी मुलांना काय वाढावे?

गेल्या आठवड्यात एक आई आपल्या दुसरीतल्या मुलीसाठी चौकशी करायला आमच्या पाळणाघरात आल्या होत्या. वेळा, शुल्क, व्हॅनवाले काका कुठे उतरवतात, हे सगळे विचारून झाल्यावर उठता उठता त्यांनी विचारले, "आणि काकू, संध्याकाळी खाऊ काय देता?" मी त्यांना पुन्हा बसवून घेतले, कारण २००३ सालापासून डोंबिवलीत पाळणाघर चालवताना या एका प्रश्नावर मी जितका विचार केला आहे तितका दुसऱ्या कशावरही केलेला नाही. माझे मत असे आहे की शाळेतून पाळणाघरात येणाऱ्या मुलाला संध्याकाळी खाऊ देऊन भागत नाही, त्याला जेवण द्यावे लागते. ते आकाराने लहान असावे, पण ताजे शिजवलेले आणि ताटलीत वाढलेले असावे, आणि त्यात धान्य, डाळ किंवा दूध-दही, आणि एखादी भाजी किंवा फळ असावे.

हे समजून घ्यायचे तर आमच्याकडच्या मुलाचा दिवस घड्याळ लावून पाहावा लागतो. दुपारच्या अधिवेशनातले मूल अकराच्या सुमारास घरी घाईघाईने जेवते, साडेबाराला शाळेत बसते, तीनच्या सुट्टीत डब्यातली अर्धी पोळी खाते आणि उरलेली वेळ मैदानावर घालवते. सहाच्या पुढे ते आमच्या दारात येते. सकाळच्या अधिवेशनातले मूल आमच्याकडे सव्वाला जेवते, झोपते आणि पाचला उठते. यांच्या आया फोर्ट, दादर किंवा घाटकोपरच्या कार्यालयांतून निघतात आणि गाडी वेळेवर असली तरी आठपर्यंत स्टेशनातून बाहेर पडतात. घरी जाऊन कुकर लावायचा, म्हणजे पान वाढायला नऊ. म्हणजे एका मुलाच्या दोन खाण्यांमध्ये सहा तास जातात आणि दुसऱ्याच्या जवळजवळ आठ. ज्या वयात मूल दिवसभर धावते आणि ज्याचे पोट आपल्यापेक्षा लहान असते, त्या वयात हे अंतर दोन बिस्किटांवर काढायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षे हेच केले, हे इथे लिहिले पाहिजे. साडेपाचला प्रत्येकी चार बिस्किटे आणि चॉकलेटची पूड घातलेले दूध, असा आमचा ठरलेला बेत होता. मुले आवडीने संपवत असत आणि भांडीही कमी घासावी लागत. त्या काळात पहिलीतला एक मुलगा सात वाजले की गृहपाठाची वही समोर ठेवून रडायला लागे. आम्ही त्याला समजावले, त्याची बाराखडी कच्ची आहे असे ठरवले, त्याच्या आईलाही तसे सांगितले. एकदा माझ्याकडे दुपारचे वरण आणि कणीक उरली होती, म्हणून मी सहा वाजता वरणफळे केली. त्या मुलाने दोन वाट्या खाल्ल्या आणि सातला शांतपणे वही पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मऊ भात, तूप आणि मेतकूट वाढले, तेव्हाही तेच घडले. तो अभ्यासाला घाबरत नव्हता, तो भुकेला होता, आणि दोन वर्षे मला ते दिसले नव्हते. दुधावर पोट भरल्यासारखे वाटते, थोड्याच वेळात ते रिकामे होते, आणि मग आई येईपर्यंत मूल इतके थकते की रात्रीच्या ताटावर झोपी जाते. "काकू, रात्री जेवतच नाही हो" ही तक्रार मी त्याआधी अनेक आयांकडून ऐकली होती, पण तिचा धागा माझ्या साडेपाचच्या बशीपर्यंत येतो हे माझ्या लक्षात आले नव्हते.

किती वाढायचे, याचा अंदाज बांधण्यासाठी मी शाळांतल्या माध्यान्ह भोजनाचे निकष ओट्याच्या वर चिकटवून ठेवले आहेत. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते पाचवीच्या मुलाच्या एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असावी, असे ते सांगतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने लागतात. आमचे संध्याकाळचे खाणे हे दिवसाचे मुख्य जेवण नव्हे, रात्री घरी पुन्हा जेवायचे असते, म्हणून मी साधारण साडेतीनशे-चारशे कॅलरी आणि आठ-दहा ग्रॅम प्रथिने डोळ्यांसमोर ठेवते. रोज वजनकाटा घेऊन बसणे कोणालाच शक्य नाही आणि त्याची गरजही नाही, पण एकदा मोजून पाहिले की हाताला अंदाज येतो. तीस ग्रॅम मुगाच्या डाळीत सुमारे सात ग्रॅम प्रथिने असतात. त्या डाळीची दोन लहान धिरडी आणि सोबत वाटीभर दही दिले की प्रथिनांची सोय झाली, वर एक केळे दिले की पोटही भरले.

इथे एक गोष्ट मला नेहमी खटकते. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी आहे. केंद्र सरकारची पाळणाघरांसाठीची 'पाळणा' योजनाही सहा महिने ते सहा वर्षे या वयासाठीच आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, त्यातही सारा विचार तान्ह्या आणि अगदी लहान बाळांचाच असतो. शाळा दुपारचे जेवण देते. पण सात-आठ वर्षांच्या मुलाची संध्याकाळ कोणत्याच योजनेत बसत नाही. ती संपूर्णपणे आमच्यासारख्या गल्लीतल्या काकूंच्या समजुतीवर सोडलेली आहे, आणि म्हणूनच आम्ही ही जबाबदारी समजून घेतली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आता पदार्थांविषयी. मराठी घरात यासाठी नवे काही शोधण्याची गरज नाही, कारण मधल्या वेळच्या खाण्याची आपली परंपरा अतिशय समंजस आहे. भाजणीचे थालीपीठ घ्या. त्यात ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे असे सगळे भाजून दळलेले असते, आणि थापताना किसलेला दुधी किंवा चिरलेली मेथी घातली की भाजी न खाणारे मूलही ती खाते. सोबत घरचे लोणी किंवा दही असावे. आमच्याकडे आठवड्यातून एकदा थालीपीठ असतेच. वरणफळांचे वर सांगितले आहे. काही घरांत त्यांना चकोल्या म्हणतात, आणि चिंच-गुळाच्या आमटीत शिजलेली ही फळे नखरे करणारी मुलेसुद्धा मागून घेतात. सकाळच्या पोळ्या उरल्या असतील तर फोडणीची पोळी करावी, पण तिच्यात मटार, गाजर आणि शेंगदाण्याचे कूट घालावे आणि बरोबर ताक द्यावे, म्हणजे ते पूर्ण खाणे होते. तांदळाची उकड, मुगाची खिचडी, घावन आणि मटकीची उसळ, ज्वारीची मऊ भाकरी आणि पिठले, यांतले काहीही वीस-पंचवीस मिनिटांत बारा मुलांपुरते होते, मात्र दुपारी भिजवणे आणि चिरणे उरकलेले हवे. नाचणीविषयी विशेष सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज ६५० मिलिग्रॅमची आहे, म्हणून ज्यांना दूध आवडत नाही त्यांच्यासाठी ताकातली नाचणीची आंबील मी आग्रहाने ठेवते. ती रंगाने आकर्षक नसते. पहिले दोन-तीन आठवडे मुले तोंड फिरवतात. तरीही मी ती अर्धी वाटीच वाढत राहते, आणि शेजारचे मूल पिते हे पाहून बहुतेक मुले हळूहळू पिऊ लागतात.

पोह्यांच्या बाबतीत माझा आग्रह लिंबाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. हीच मुले पुढे शाळेत जातात आणि संध्याकाळी आमच्या सतरंजीवर बसतात. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही, आणि त्याला क जीवनसत्त्वाची मदत लागते. म्हणून पोहे, उपमा किंवा उसळ वाढताना वर लिंबू पिळावे, किंवा शेवटी पेरूची फोड, संत्रे किंवा आवळ्याचा कीस द्यावा. चहा नेमके याच्या उलट करतो. जेवणाबरोबर चहा घेतला की लोह कमी शोषले जाते. तरीही कितीतरी ठिकाणी मुलांना अर्धा कप दुधाळ चहा आणि टोस्ट दिला जातो, "घरीही पितोच की" असे म्हणून. माझ्याकडे मुलांना चहा मिळत नाही, आणि कोणा पालकांनी विनंती केली तरी मी नम्रपणे नाही म्हणते.

अंड्याचा प्रश्न नाजूक आहे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात, ते स्वस्त आहे आणि दहा मिनिटांत उकडते. काही घरांत ते चालते, काही घरांत अजिबात चालत नाही, आणि काही घरांत सोमवारी, गुरुवारी किंवा श्रावणात चालत नाही. मी प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारून घेते, वेगळे पातेले वापरते आणि अंडे न खाणाऱ्या मुलाला त्याच वेळी पनीर किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांच्या कुटाचा लाडू देते. कोणत्याही मुलाला वेगळ्या रांगेत बसवायचे नाही आणि कोणाच्या ताटलीवर कोणी काही बोलायचे नाही, हा आमच्याकडचा सर्वांत कडक नियम आहे. तोच अर्ज शेंगदाणे, दूध किंवा अंडे बाधते का, हेही विचारतो. पाच वर्षांखालच्या मुलांना मी अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षे किंवा मक्याच्या लाह्या देत नाही, कारण ते घशात अडकू शकतात. मोठी मुले शेजारी बसून हेच खात असतील तर लहानांचा हात तिकडे जातो, म्हणून सगळ्यांनाच कूट आणि चिरलेली फळे वाढणे सोयीचे पडते.

पाकिटांविषयी मला थोडे स्पष्ट लिहावे लागेल. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२० साली नियम केले, त्यांनुसार जास्त मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. मग तेच वेफर्स आणि दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया पाळणाघराच्या पिशवीतून आमच्याकडे येतात. मी आयांना दोष देत नाही. पहाटे पाचला उठून दोन डबे भरणाऱ्या बाईने तिसऱ्या डब्याच्या जागी एक पाकीट ठेवले, तर तिला बोलण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच म्हणते की तो तिसरा डबा तिच्याकडून मागूच नये. तो पाळणाघराने करावा. दुधात घालायच्या पुडींचेही तेच आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना अशी पेये 'आरोग्य पेये' या वर्गातून काढायला सांगितले, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात आरोग्य पेयाची व्याख्याच नाही. दूध द्यायचे तर साधे द्यावे, हवी तर हळद किंवा वेलची घालावी.

खर्चाचे गणित पालकांपासून लपवू नये. माझ्याकडे सध्या बारा मुले आहेत. डाळी, तूप, फळे आणि गॅस धरून एका मुलामागे संध्याकाळच्या जेवणाला दिवसाला बावीस ते पंचवीस रुपये लागतात, म्हणजे महिन्याला साधारण साडेपाचशे. स्वयंपाकात मदत करणाऱ्या ताईंचा पगार वेगळा. मी हे शुल्कात वेगळ्या ओळीत दाखवते. आजवर दोन-तीन कुटुंबांना ते जड गेले, तेव्हा आम्ही मिळून मार्ग काढला. ज्या पाळणाघरचालक भगिनी एकट्याने सगळे सांभाळतात, त्यांना रोज शिजवणे शक्य नसते, हेही मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी उकडलेली रताळी आणि दही, भिजवलेल्या मुगाची कोशिंबीर आणि चुरमुरे, राजगिऱ्याचा लाडू आणि केळे, असे बेत जवळजवळ बिनकष्टाचे आहेत.

वेळेचे पथ्य मात्र मोडू नये. पाळणाघरात असलेल्या मुलांना साडेपाचला आणि शाळेतून येणाऱ्यांना हातपाय धुतल्याबरोबर वाढावे, म्हणजे नऊपर्यंत पुन्हा भूक लागते. पंगत धरून, दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवून बसावे. काय वाढायचे ते मी ठरवते, किती खायचे ते मूल ठरवते. भरवण्यासाठी मागे धावणे आणि ताट संपवल्याबद्दल चॉकलेट देणे मी केव्हाच सोडून दिले. त्याऐवजी मोठ्या मुलांना मेथी निवडायला, मटार सोलायला आणि वाटीने पुऱ्यांएवढी लहान थालीपिठे पाडायला देते, आणि स्वतः निवडलेली मेथी कोणी टाकत नाही असा माझा अनुभव आहे.

२६ जुलै २००५ च्या रात्री गाड्या बंद पडल्या आणि पाच मुले माझ्याकडेच राहिली. वीज नव्हती, दूध नासले होते, बिस्किटांचे डबे सातपर्यंत रिकामे झाले होते. मेणबत्तीच्या उजेडात मी पिठले आणि भात केला, आणि मुले पोटभर जेवून एकमेकांना बिलगून झोपली. तेव्हापासून माझ्या फडताळात पाच किलो तांदूळ, दोन किलो मुगाची डाळ, बेसन आणि तुपाची बरणी यांचा साठा कधीही कमी झालेला नाही, आणि पावसाळ्यात मोबाइलवर गाड्या उशिरा असल्याचे दिसले की मी कोणाच्या फोनची वाट न पाहता खिचडीचा दुसरा कुकर चढवते.

चौकशीला आलेल्या त्या आईंना मी हे सगळे सांगितले नाही, तेवढा वेळ त्यांच्याजवळ नव्हता. मी त्यांना फक्त आत नेले आणि ताटल्या दाखवल्या. त्या दिवशी दुधीची थालीपिठे, दही आणि पेरू होता. त्यांची मुलगी सोमवारपासून येते आहे. तिला दही आवडत नाही, असे तिने पहिल्याच दिवशी मला स्पष्ट सांगितले, म्हणून सध्या तिच्या वाटीत ताक असते आणि तिच्या आवडीचे जिरे त्यात ती स्वतः घालते.