उभा टीव्ही आणि अण्णांचा गुडघा

इंदूरच्या रामबागेत सध्या अशी बातमी आहे की माझी परिस्थिती बिघडली आहे. शेजारच्या अण्णांनी ती घरोघर पोचवली. पुरावा म्हणजे माझ्या हॉलमधला एकवीस इंची, ढेरीवाला, पिक्चर ट्यूबचा टीव्ही. "एलईडी जमत नसेल त्याला. आमचा जुना बत्तीस इंची पडलाय, देऊन टाकू. संकोच करतो बिचारा."

बिचारा घरी गेमचं कपाट करतोय. पूर्वी व्हिडिओ गेम पार्लरात असायचं ते. वर स्क्रीन, खाली दांडा आणि बटणं. प्लायवूड कापून झालं, बटणं आली, राहिली स्क्रीन. तिथे एलईडीही बसतो, पण ते गेम आखलेच ट्यूबसाठी. एलईडीवर नुसते चौकोन दिसतात. ट्यूबवर त्यांच्या कडा विरघळतात आणि चित्र चित्रासारखं दिसतं. भंगारात कॉम्प्युटरचे जुने मॉनिटर पडलेले असतात, पण ते बहुतेक ३१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३१ हजार ओळी रंगवण्याच्या, खाली उतरायला तयार नसतात आणि हे जुने गेम चालतात १५ च्या आसपास. टीव्ही तेवढ्यावरच चालतो, म्हणून टीव्ही. तोही शेवटच्या काळातला, मागे चित्र आत घ्यायच्या लाल-हिरव्या-निळ्या तीन पिना असलेला. २०१७ साली स्वच्छतेत पहिला नंबर आला तेव्हापासून आमच्या इंदूरमध्ये कचऱ्यालाही भाव आलाय. भंगारवाल्यानं किलोवर द्यायला नकार दिला. "एंटीक है भिया," म्हणाला. तासाभरापूर्वी त्याच एंटीकवर बसून तो पोहे खात होता.

तर पॅकमन. भुलभुलैयात भुतांपासून पळायचा १९८० चा गेम, चित्र २२४ बाय २८८, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. त्यासाठी टीव्ही कुशीवर वळवावा लागतो. वळवला, आणि नेमके अण्णा आले.

"हा पडला का रे?"

"नाही अण्णा, उभा केलाय."

"टीव्ही उभाच असतो. हा आडवा झालाय."

यावर काय बोलणार! अण्णांनी मान वाकडी केली. मग कमरेत वाकले. मग चपला काढून सरळ कोचावर आडवे झाले, उशी घेतली आणि समाधानानं म्हणाले, "असं बरोबर दिसतंय. झोपून बघायचा आहे होय! पाठीसाठी डॉक्टरनं सांगितलं का?"

"अण्णा, यावर गेम खेळायचाय. उभ्यानं."

"म्हणजे टीव्ही आडवा आणि तू उभा. मग बातम्या कोण बघणार?"

तेवढ्यात उठून ते टीव्हीच्या मागे डोकावायला लागले. मागचं झाकण मी काढून ठेवलं होतं. मी ओरडलो, आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, बंद केल्यावरही उरतात, हात लावू नका.

"मला सांगतोस? आख्खी नोकरी वीज मंडळात काढली मी."

"कुठल्या खात्यात?"

"बिलिंग."

आणि मागून पुढे येताना त्यांनी गुडघा चालू स्क्रीनला टेकवला. त्या गुडघ्यावर जत्रेत घेतलेला चुंबकाचा पट्टा होता. डोळ्यांदेखत हिरवा-जांभळा डाग पसरला.

"बघ, रंग आला," अण्णा म्हणाले. "मघाशी नुसताच पांढरा होता."

ट्यूबच्या काचेआड बारीक भोकांची एक जाळी असते, कुठल्या किरणानं कुठला रंग उजळायचा ते तिच्यामुळे ठरतं. तिला चुंबकत्व चिकटलं की रंग भरकटतात. टीव्ही सुरू करताना 'भुम्म' होतं ना, ती आतली कॉइल तेच धुऊन काढते. पण एकदा चालली की थंड होईपर्यंत ती पुन्हा चालत नाही. म्हणजे टीव्ही बंद करून अर्धा तास बसा. बसलो. अण्णाही बसले, चहा घेतला, एलईडीचे फायदे सांगितले. नुसता टीव्ही वळवला तरी पृथ्वीच्या चुंबकत्वानं रंग थोडे सरकतात, तेवढं ती कॉइल सांभाळते. अण्णांचा गुडघा तिच्या आवाक्याबाहेरचा निघाला.

शेवटी मल्हारगंजातून एक म्हातारे मेकॅनिक आणले. त्यांनी पिशवीतून भलीमोठी गोल कॉइल काढली, स्क्रीनसमोर हळूहळू फिरवत फिरवत आरती ओवाळल्यासारखे मागे मागे दारापर्यंत गेले आणि तिथे बटण सोडलं. अण्णांनी हात जोडले होते.

"अब कौन कराता है ये काम," मेकॅनिक म्हणाले. खरंच कोण करतं? ट्यूब आता बनत नाहीत, ज्यांना त्या कळतात ते सत्तरीच्या पुढचे. आणि आमच्या गल्लीत जुनी बुलेट महिनोन्‌महिने खोलून बसलेल्या माणसाला 'शौकीन' म्हणतात, त्याला कुणी वापरलेली स्कूटी दान करायला येत नाही. आम्ही टीव्ही आणला की थेट वर्गणीची भाषा.

डाग गेला, पण उजवा कोपरा अजून जांभळट आहे. पॅकमनमधलं लाल भूत थेट मागे लागतं, गुलाबी भूत चार घरं पुढचा अंदाज घेऊन वाट अडवतं. पळायचं कुठे ते यावर ठरतं. त्या कोपऱ्यात दोन्ही सारखीच दिसतात आणि मी तिथेच मरतो. मेकॅनिकचे पैसे मी दिले. पट्टा अण्णांनी सोडलेला नाही, गुडघ्याला फरक पडतोय म्हणतात.