९४० वाली एलईडी लावून बघा

रात्रीच्या फोटोंवरच्या या लेखात ट्रॅप कॅमेऱ्याला (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) ८५० नॅनोमीटरची आयआर एलईडी, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाचा दिवा, लावा म्हटलंय, रेंज जास्त मिळते हे खरंय, पण ती अंधारात बारीक लाल दिसते ओ. आमच्याकडं साताऱ्यात परसातल्या पपईवर रात्री उदमांजर येतं, ते त्या लाल ठिपक्याकडं टक लावून बघायचं आन पपई अर्धी टाकून पळायचं. ९४० नॅनोमीटरवाली लावली, उजेड कमी पडतो, फोटोत दाणे येतात, पण आता निवांत खातं, मिशीला लागलेला गरसुद्धा दिसतो!

आणि आकाशगंगेचे फोटो स्टॅक करणाऱ्यांनो (बरेच फोटो एकावर एक रचून एक करणाऱ्यांनो), लेन्सला टोपण लावून तेवढ्याच एक्स्पोजरच्या डार्क फ्रेम, म्हणजे मूळ फोटोतून वजा करायचे नुसते काळे फोटो, काढाच. साताऱ्याजवळच्या यवतेश्वराच्या डोंगरावर उन्हाळ्यात सेन्सर तापून आलेले लाल-निळे ठिपके माझे त्यानंच गेले.